शेतमाल बाजारातील संगणकीय साधने (लातूर–नांदेड)

मराठवाड्यातील लातूर व नांदेड या जिल्ह्यांत शेतमालाची खरेदी-विक्री, साठवण, पीकनोंदी व हिशोब यांसाठी वापरली जाणारी सॉफ्टवेअर, मोबाइल अॅप आणि दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या यंत्रणा. सोयाबीन, तूर आणि हरभरा ही या पट्ट्यातली मुख्य पिके. लातूर व उदगीर डाळमिलसाठी ओळखले जातात, लातुरात सोयाबीनवर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत, आणि नांदेड जिल्ह्यात अर्धापूरची केळी, धर्माबादची मिरची यांचा स्वतंत्र व्यापार आहे. या व्यापारात गेल्या पंचवीसेक वर्षांत आलेल्या साधनांपैकी काही कोणी न सांगता रुजली, तर काही सरकारी पाठबळ, अनुदान आणि सक्ती असूनही अर्ध्यावर अडकली. याचे कारण सहसा इंटरनेटची गती, वीज किंवा शेतकऱ्याचे शिक्षण यांत शोधले जाते. ते पटणारे नाही. ज्या आडतीत ई-नाम या ऑनलाइन बाजारमंचाचे नाव निघताच ‘नेट चालत नाही’ असे उत्तर मिळते, तिथेच चहाचे दहा रुपये क्यूआर कोडवर दिले जातात. साधन टिकते की नाही, हे ठरते पहिली नोंद कोण करतो आणि ती खोटी निघाली तर भुर्दंड कोणाला बसतो, यावर.

सर्वांत खोल रुजलेले साधन म्हणजे टॅली. १९८६ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या कंपनीचे हे हिशोबाचे सॉफ्टवेअर आडतीत आले ते मुनीमाच्या रोजकीर्द-खतावणीच्या जागी. कागद बदलला, व्यवहाराची रीत मात्र तीच राहिली. शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी पाहिली की हे कळते : कट्टे किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली व तोलाई वजा, आधी घेतलेली उचल असेल तर ती वळती, आणि तळाला उरलेली रक्कम. पट्टी हाताने लिहिलेली असो की छापील, रकाने हेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आले, आणि मोठ्या उलाढालीच्या पेढ्यांना ई-इन्व्हॉइस लागू झाले. ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा वार्षिक ५ कोटी रुपयांपर्यंत खाली आली. मालाचा ट्रक उदगीरहून बिदरकडे किंवा देगलूर-धर्माबादहून तेलंगणात निघाला की बिलातला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळावा लागतो. जुळला नाही तर गाडी अडते ती व्यापाऱ्याची आणि नोटीस येते तीही त्याच्याच नावाने. नोंद करणारा आणि चुकीची किंमत मोजणारा इथे एकच असल्याने टॅलीत आकडे बरोबर पडतात. दोन नंबरचा व्यवहार टॅलीत येतच नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो याच नियमाला धरून आहे : जे नोंदवल्याने तोटा होतो ते नोंदवले जात नाही.

व्हॉट्सअॅपचेही तसेच. त्याला कोणी ‘सहकार्याचे साधन’ म्हणत नाही, पण सोयाबीनच्या व्यापारात काम तेच चालते. सकाळी कारखान्यांचे खरेदी दर ग्रुपवर पडतात, त्याबरोबर शिकागोच्या वायदे बाजाराचा आदल्या रात्रीचा बंद भाव आणि डीओसीचे, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचे, दर. त्या हिशोबाने बाजार समितीतला सौदा सुरू होतो. सेबीने २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. तुरीचा वायदा तर २००७ पासूनच बंद आहे. देशी वायद्याचा आधार गेल्यावर कारखान्याचा दर हाच मुख्य दाखला उरला, आणि तो पोचवायला कोणतीही सरकारी यंत्रणा न लागता हे ग्रुप पुरे पडले. अफवाही याच वाटेने येतात, हे कबूल : आयातशुल्क वाढल्याची, सरकारी खरेदी बंद झाल्याची. पण कारखान्याने दिलेला दर संध्याकाळपर्यंत त्याच्याच फाटकावर तपासला जातो. सकाळी एक आकडा सांगून दुपारी दुसरा लावणाऱ्याकडे उद्या ट्रक वळत नाहीत. अफवा पुढे ढकलणाऱ्याला असा कोणताच जाब द्यावा लागत नाही, म्हणून तिच्यावर कोणी सौदा करत नाही, फार तर चर्चा करतो.

आता ई-नाम. राष्ट्रीय कृषी बाजार या नावाचा हा ऑनलाइन मंच १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या बाजार समित्या त्याला टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या. आखणी चोख आहे : फाटकावर मालाची नोंद होऊन लॉट क्रमांक मिळतो, प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो, व्यापारी संगणकावर किंवा मोबाइलवर बोली लावतात, मग वजन आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यात थेट रक्कम. चेन्नईच्या खरेदीदाराने लातूरची तूर न पाहता घ्यावी, ही त्यामागची कल्पना. ती ‘न पाहता’ या दोन शब्दांपाशी अडते. ढिगापाशी उभा असलेला खरेदीदार काय करतो ते पाहावे. मूठभर सोयाबीन हातात घेतो, तळव्यावर पसरून फुंकर मारतो की माती आणि काडीकचरा किती ते दिसते, डागी आणि हिरवे दाणे बोटाने बाजूला सारतो, एक दाणा दाताखाली धरतो. दाणा कट्कन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओलावा मोजणारे यंत्र शेजारी असते आणि ते आकडाही दाखवते, पण ढिगाच्या वरचा थर उन्हात वाळलेला आणि आतला दमट असेल, तर नमुना कुठून काढला यावर आकडा बदलतो. खरेदीदाराने चुकीचा अंदाज केला तर पैसे त्याचे जातात, म्हणून तो हात आत घालून पाहतो. प्रयोगशाळेतला कर्मचारी चुकला तर त्याचे काहीच जात नाही. अशा माणसाच्या दाखल्यावर हजार किलोमीटरवरचा व्यापारी लाखोंचा माल उचलेल, अशी अपेक्षा धरणेच चूक होते.

याला पहिला आक्षेप असा, की खरे कारण आडत्यांचा विरोध आहे. त्यांची मक्तेदारी मोडते म्हणून ते ई-नाम चालू देत नाहीत. विरोध आहे, आणि त्यात स्वार्थही आहे. पण मक्तेदारी कशावर उभी आहे हेही पाहावे लागेल. जून महिन्यात बियाण्याला पैसे नसताना उचल देतो आडत्या, आणि दिवाळीच्या तोंडावर माल आणला की त्याच दिवशी पट्टी करतो तोही आडत्याच. ई-नामच्या पडद्यावर उधारीला रकाना नाही. शिवाय पीककर्ज थकलेले असेल तर खात्यात आलेली रक्कम बँक अडकवून ठेवील, ही धास्ती शेतकऱ्याला असते. म्हणून थेट खात्यात पैसे हे आश्वासन ज्याला सुखावते, तो शेतकरी बहुधा कर्जात नसलेला असतो. दुसरा आक्षेप शेजारचा आहे : कर्नाटकाने २०१४ पासून आपल्या बाजार समित्यांत ऑनलाइन बोली चालवून दाखवली, मग उदगीरपासून जवळच असलेल्या बिदरला जमते ते इथे का नाही? पण तिथे मुख्यतः बदलली ती बोलीची चिठ्ठी. व्यापारी आवारात फिरतो, ढीग हाताळतो आणि मग आकडा संगणकात टाकतो. पाहणारा आणि पैसे घालणारा तोच राहिला, म्हणून ते चालले. हे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने कमी आणि विरुद्धच जास्त बोलते.

पीकनोंदीच्या साधनांत हाच नियम उलट्या बाजूनेही दिसतो. गाव नमुना ७ आणि १२, म्हणजे सातबारा, यातील पिकाची नोंद पूर्वी तलाठी करी. कित्येकदा ती शेतावर न जाताच होते, अशी तक्रार असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून, जागेच्या अक्षांश-रेखांशासह नोंद करायची सोय झाली. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणे ही इथली रूढ पद्धत. त्यात कोणते क्षेत्र किती, हे शेतमालकाइतके कोणाला माहीत असणार? तरीही सुरुवातीला बऱ्याच जणांनी या अॅपकडे पाठ फिरवली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, द्यायचे ठरले आणि त्यासाठी ई-पीक पाहणीची नोंद धरली गेली, तेव्हा नोंद नसण्याची किंमत पहिल्यांदा रुपयांत कळली. ओरड इतकी झाली की अखेर सातबाऱ्यावरची नोंदही मान्य करावी लागली.

पीकविम्यात याच्या नेमके उलटे घडले. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळू लागला. अर्ज भरणाऱ्या सामूहिक सुविधा केंद्राला दर अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत, म्हणजे केंद्राची मिळकत अर्जांच्या संख्येवर होती, खरेपणावर नव्हती. शेतकऱ्याला गमवायचा तो एक रुपया. सर्व्हर तेच, आधार क्रमांक तेच, सातबारा तोच. तरी पेरा नसलेल्या, दुसऱ्याच्या, इतकेच काय सरकारी जमिनींवरचे अर्ज राज्यात मोठ्या प्रमाणावर सापडले आणि २०२५ मध्ये ही सवलत मागे घेऊन शेतकऱ्याच्या हिश्शाचा हप्ता पुन्हा सुरू करावा लागला. यंत्रणेत तांत्रिक खोट फारशी नव्हती. खोटी नोंद करणे फायद्याचे आणि खरी नोंद करणे बिनफायद्याचे, अशी तिची बांधणी होती.

क्लाउडच्या, म्हणजे दूरच्या सर्व्हरच्या, पायाभूत बाजूबद्दल थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. त्याच वर्षी १ मे पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मोठ्या परदेशी क्लाउड कंपन्यांची भारतातली केंद्रे २०१५ पासून मुंबई-पुण्यात उभी राहिली. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून अभियंते घडवत आहे, पण इथल्या आकड्यांची साठवण आणि देखभाल बाहेरच होते. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द तलाठी कार्यालयात रोजचा झाला असला, तरी त्याने काम तासा-दिवसांनी लांबते, नोंद खोटी होत नाही. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यांत पडलेल्या तफावती दुरुस्त करण्यात जी वर्षे गेली, ती सर्व्हरमुळे गेली नाहीत. जुना मजकूर ज्यांनी यंत्रात उतरवला, त्यांची त्यात जमीन नव्हती.

या चौकटीत सर्वांत आशादायक साधन सर्वांत कमी बोलले जाणारे आहे : ई-गोदाम पावती. गोदामविषयक २००७ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या गोदामात माल ठेवला की वजन व प्रत नमूद केलेली इलेक्ट्रॉनिक पावती निघते. २०१७ पासून ती सुरू आहे, ती हस्तांतरित करता येते आणि तिच्यावर बँक कर्ज देते. ई-नामच्या प्रयोगशाळेपाशी जे अडते ते इथे सुटते, कारण पावतीवर लिहिलेली प्रत व वजन यांना गोदामवाला कायद्याने बांधील असतो. माल कमी भरला तर भरपाई त्याच्याकडून. सरकारी खरेदीशी ताडून पाहिले की फरक स्पष्ट होतो. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असल्याने माल परत जात होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती केंद्राच्या आदेशाने १५ टक्क्यांवर नेली गेली, म्हणजे काल नापास झालेला कट्टा आज पास. गोदामाच्या पावतीत आकडा असा फिरवता येत नाही. अडचण दुसरीच आहे. दहा-पंधरा क्विंटल सोयाबीन असलेला शेतकरी भाडे भरून माल नोंदणीकृत गोदामापर्यंत नेत नाही, आणि नेला तरी उचल फेडायची घाई त्याला सहा महिने थांबू देत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून याच गरजेसाठी आहे, सहा टक्के व्याजाने मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत. पण तीही माल गोदामात आणल्यावरच लागू होते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गावातला माल एकत्र करून एका पावतीखाली ठेवला तर वाहतुकीचा खर्च विभागतो. मात्र ओला आणि वाळका माल एकाच ढिगात गेल्यावर कोणाचा दर किती धरायचा, हे कंपनीला गावातच ठरवावे लागते, आणि त्यासाठी अजून हात आत घालूनच पाहिले जाते.