दातांचा हिशेब : जुन्या टू-स्ट्रोक गाड्या आणि कोल्हापूरकडचा लेथ

राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर हे काटकोनात आखलेल्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे गाव १८९१ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर आहे, आणि त्याच्या एका अंगाला सांगली-मिरज तर दुसऱ्या अंगाला इचलकरंजी-कोल्हापूर हा कारखानदारीचा पट्टा पसरलेला आहे. उसाला पाणी देणाऱ्या पंपांची ऑइल इंजिने कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडत आणि दुरुस्त होत असल्यामुळे सिलिंडर बोअर करणे, नवी स्लीव्ह बसवणे, पिस्टनची फट शतांश मिलिमीटरात मोजणे ही कौशल्ये या भागातील लेथवर सहज मिळत. पुढे टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या इंजिनात जे फेरफार झाले, त्यांचे मूळ शर्यतीच्या हौसेइतकेच या लेथमध्येही शोधावे लागते.

केवळ मातीत पळवण्यासाठी बांधलेली डर्ट बाईक टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात सामान्य ग्राहकाला मिळत नसे, त्यामुळे रस्त्यावरच्याच गाड्यांना खोल नक्षीचे टायर आणि रुंद हँडल लावून त्या मातीत उतरवल्या जात. राजदूत १७५ आणि येझदी या गाड्या मजबूत पण जड होत्या. १९८५ च्या अखेरीस आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने मात्र हे गणित बदलले, कारण सुमारे १०० किलो वजनाच्या या गाडीचे ९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ११ अश्वशक्ती देत होते आणि तिच्या रीड व्हॉल्व्हमुळे, म्हणजे इंधनमिश्रण आत घेणाऱ्या पण मागे परतू न देणाऱ्या लवचीक पात्यांच्या झडपेमुळे, कमी फेऱ्यांवरही ओढ टिकून राहत असे.

टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट, म्हणजे खिडक्या, पिस्टनच उघडतो आणि झाकतो, आणि त्यामुळे ताजे मिश्रण जळलेल्या धुरासोबत बाहेर निसटण्याचा धोका कायम राहतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या दोषावर पोटफुगी नळी, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, विकसित केली. नळीच्या रुंदावत जाणाऱ्या भागातून परतणारी ओढीची लाट सिलिंडर रिकामा करते आणि पुढच्या निमुळत्या भागावरून उलटलेली दाबाची लाट निसटलेले मिश्रण पोर्ट मिटण्यापूर्वी आत ढकलते. १९६१ मध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर सुझुकीकडे गेला, हे ज्ञान त्याच्यासोबत जपानला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानात पत्रा वळवून केलेली नळी याच परंपरेतली असली, तरी नळीची लांबी ठरावीक फेऱ्यांशीच जुळते, हे तत्त्व तिथे अनेकदा दुर्लक्षिले गेले.

हाच प्रश्न पोर्ट घासण्याचा. एक्झॉस्ट पोर्ट एक मिलिमीटर वर नेला की जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खालची ओढ जाते. सपाट मैदानावर हे खपून जाते, पण जयसिंगपूर ज्यात येते त्या शिरोळ तालुक्याच्या काळ्या, चिकट जमिनीत चाक रुतले असता वरच्या फेऱ्यांवरचा जोर कामी येत नाही. नळी बदलून कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, तसाच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होते, पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो, आणि एक्झॉस्टच्या बाजूस त्यावर उभे ओरखडे पडतात. म्हणून जाणते मिस्त्री प्रत्येक बदलानंतर स्पार्क प्लग काढून पाहत: चॉकलेटी रंग म्हणजे मिश्रण ठीक, पांढरा म्हणजे पातळ, काळा व तेलकट म्हणजे जाड.

गिअरिंगचा उपाय त्यामानाने स्वस्त आणि, या लेखाच्या मते, सर्वांत शहाणपणाचा होता. उदाहरणादाखल पुढे १४ आणि मागे ४२ दातांची स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चक्रे, घेतली तर गुणोत्तर ३ येते. पुढचा एक दात कमी केल्यास ते ३.२३ होते, म्हणजे प्रत्येक गिअरमधला पिकअप सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो आणि टॉप स्पीड जवळपास ७ टक्क्यांनी घटतो. मागचे स्प्रॉकेट ४५ दातांचे केले तरी जवळपास तेवढाच परिणाम साधतो. पुढचे स्प्रॉकेट फार लहान केले तर चेन तीव्र कोनात वळून लवकर झिजते, म्हणून मोठा बदल मागच्या चाकावर आणि बारीक बदल पुढे, असा क्रम योग्य ठरतो. मागचे चक्र वाढवले की चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात, एवढीच त्याची अडचण.

यामाहाच्याच आरएक्स १३५ चा ५८ मिलिमीटर बोअरचा, म्हणजे सिलिंडर-व्यासाचा, ब्लॉक जुन्या १०० वर चढवण्याची हौस याच्या विरुद्ध टोकाची होती. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५० मिलिमीटरच असल्याने ती स्वाभाविकही होती, परंतु इंजिनाची क्षमता बदललेली अशी गाडी मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मुळे रस्त्यावर कायदेशीर राहत नाही. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि मूळ मापाचे ब्लॉक आता दुर्मीळ झाले आहेत. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे, त्यांनी प्रयोग स्प्रॉकेटवर करावेत आणि न घासलेला मूळ ब्लॉक तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावा.