आशा आणि हिशेब

मोठ्या कार्याच्या आरंभीं पुढाऱ्यासमोर दोन मोह उभे असतात. एक, सहकाऱ्यांना सुखाचें चित्र दाखवून अडचणी झांकून ठेवण्याचा. दुसरा, अडचणींचाच पाढा वाचून पाऊल न उचलण्याचा. पहिल्यास आपण उत्साह म्हणतों, दुसऱ्यास शहाणपण. या दोहोंमधील वाट पाहावयास दूर जाणें नको. सातारा-सांगलीच्या मुलखांतच तिच्या खुणा आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगांवीं आले व तेथें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत! सुमारें दोन वर्षें नांगरास गिऱ्हाईकच मिळेना. पुढें कारखान्याची जागाहि सोडावी लागली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल स्टेशनाजवळचा माळ देऊं केला व दहा हजार रुपयांचें कर्जहि दिलें. १९१० सालीं निवडुंग व सर्प यांनीं भरलेल्या त्या बत्तीस एकरांवर पंचवीसेक कामगारांचीं कुटुंबें राहावयास आलीं.

या प्रसंगीं लक्ष्मणरावांची आशा कोणत्या प्रकारची होती, हें नीट पाहिलें पाहिजे. चांगली वस्तु आपोआप खपेल अशा भरंवशावर ते राहिले असते तर कारखाना बुडाला असता. उलट, दोन वर्षें पडून राहिलेला माल हाच अखेरचा निकाल मानला असता, तर किर्लोस्करवाडी वसलीच नसती. नांगराची गरज खरी आहे याविषयीं ते निःशंक होते. आपला नांगर निर्दोष आहे असें मात्र त्यांनीं मानलें नाहीं. ध्येयाविषयीं श्रद्धा आणि साधनाविषयीं संशय, हा त्यांच्या कर्तबगारीचा पाया होय.

हेच नांगर गांवोगांव विकत हिंडणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. शेतकऱ्याचें दारिद्र्य व निरक्षरता त्यांनीं त्याच्या ओसरीवर बसून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराड तालुक्यांतील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू झालें, आणि १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हें नांव मिळालें. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवतील हें स्वप्न मोठें होतें. पण त्या पंक्तीस धान्य कोठून येणार? भाऊरावांचें उत्तर व्यवहारी होतें: घरोघरचें मूठभर धान्य, आणि मुलांचे स्वतःचे श्रम.

तथापि हा हिशेब नेहमींच जुळला असें नाहीं. कोठी रिकामी पडली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने दिले; अखेर मंगळसूत्रहि मुलांच्या अन्नासाठीं गेलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढील विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें थांबावयास हवें. आपण पुढाऱ्याच्या आशेचें कौतुक करतों, परंतु ती चुकली तर दंड बहुधा दुसऱ्याच कोणास भरावा लागतो: माळावर बिऱ्हाड थाटलेल्या कामगारास, दागिने काढून देणाऱ्या गृहिणीस. म्हणून वस्तुस्थिति उघड सांगणें हा केवळ धोरणाचा प्रश्न नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे. लक्ष्मीबाईंचा त्याग थोर खराच, कारण रिकामी कोठी त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली होती. तीच कोठी भरलेली आहे असें सांगून कोणी त्यांच्याकडून दागिने घेतले असते, तर त्यास आपण त्याग म्हटलें नसतें.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे, रयतेचें मुख्य ठाणें साताऱ्यास. दोहोंचाहि आरंभ रिकाम्या हातांनीं झाला. नवें कार्य हातीं घेणाऱ्यानें सोबत्यांना स्वप्न अवश्य सांगावें. मात्र त्याच बैठकींत वहीहि त्यांच्यापुढें उघडी ठेवावी.