तल्लक्षण : त्रेपन्न शून्यांची संख्या

‘ललितविस्तर’ या बौद्ध संस्कृत ग्रंथाच्या बाराव्या परिवर्तात कुमार सिद्धार्थाच्या विद्यापरीक्षेचा प्रसंग आला आहे. (या ग्रंथाची डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेली आवृत्ती १९५८ साली दरभंगा येथून प्रसिद्ध झाली.) शाक्य दंडपाणी आपली कन्या गोपा शिल्पनिपुण पुरुषासच देऊ इच्छितो, म्हणून ही परीक्षा होते. अर्जुन नावाचा गणक कुमारास विचारतो, की कोटीच्या पुढील शतोत्तर गणना त्यास अवगत आहे काय?

शतोत्तर म्हणजे शंभरपटीने वाढणारी. शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, शंभर नियुतांचे एक कंकर, असे चढत तेविसाव्या पायरीवर ‘तल्लक्षण’ येते. अन्यत्र अयुत म्हणजे दहा हजार. येथील अर्थ निराळा आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. कोटीत ७ शून्ये, प्रत्येक पायरीची २ याप्रमाणे २३ पायऱ्यांची ४६, एकूण ५३. म्हणजे तल्लक्षण ही ५४ अंकी संख्या होय.

तिचे गुणधर्म पाहू. तिचे मूळ अवयव दोनच : २ आणि ५, प्रत्येकी ५३ वेळा. म्हणून तिला ५४ × ५४, म्हणजे २,९१६ विभाजक आहेत. ९ ने भागल्यास बाकी १ उरते. ती पूर्ण वर्ग नाही, कारण ५३ हा विषम अंक आहे. किंबहुना ७ या विषम अंकात दर वेळी २ मिळविल्याने विषम अंकच येतो. त्यामुळे या तेवीस संख्यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही.

या गणनेने पर्वतराज मेरूचाही हिशेब पुरा होतो, असे ग्रंथ म्हणतो. मात्र हा परमाणूंचा हिशेब नव्हे. ग्रंथातील मानाप्रमाणे सात-सातच्या दहा पायऱ्यांनी एका अंगुलीपर्वात २८,२४,७५,२४९ परमाणू बसतात. ‘अभिधर्मकोशा’त मेरूची पाण्यावरील उंची ८०,००० योजने सांगितली आहे. तेवढ्या बाजूच्या घनातील परमाणू आम्ही मोजून पाहिले, तर संख्या ५७ अंकी येते. तल्लक्षण अपुरे पडते. म्हणूनच की काय, ग्रंथ तेथे न थांबता ध्वजाग्रवती इत्यादी गणनांकडे जातो आणि शेवटच्या गणनेस ‘परमाणुरजःप्रवेशानुगता’ असे नाव देतो.

यावरून सिद्धार्थानेच हे गणित रचले, असे म्हणता येणार नाही. ग्रंथ बुद्धांनंतर कित्येक शतकांनी आकारास आला. त्यात शून्ये लिहिलेली नाहीत, नावे आहेत. वरील ५३ शून्ये आपल्या लेखनपद्धतीची आहेत. तेव्हा स्थानमूल्याच्या शोधाचा पुरावा म्हणून हा उतारा पुढे करणे योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. ज्यांनी हा ग्रंथ रचला, त्या बौद्ध परंपरेला आपल्या बोधिसत्त्वाचे श्रेष्ठत्व वंशाने नव्हे, तर परीक्षेत दिलेल्या उत्तराने दाखवावेसे वाटले. ते उत्तर आजही कोणासही पडताळता येते. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो अशा पडताळ्यावर उभा असावा, असे आम्हांस वाटते.