छोटं विमान, पहिली बातमी आणि इतिहासाचा पुरावा

वर्तमानपत्रातली बातमी हे इतिहासाचं साधन आहे, असं आपण नेहमी म्हणतो. पण घटना घडल्यावर तासाभरात लिहिलेली बातमी कितपत पुरावा मानायची? छोट्या विमानांच्या अपघातांत हा प्रश्न फार ठळक दिसतो. म्हणून आज राळेगावात आपण तोच विषय घेतला आहे.

२८ जून २०१८. मुंबईत पावसाळी दुपार. दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालेलं किंग एअर सी-९० हे छोटं विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जण गेले.

आता बातमी कशी घडली ते बघा. पहिल्या तासाभरात देशभर सांगितलं गेलं की हे उत्तर प्रदेश सरकारचं विमान आहे. आधार काय? विमानावरचा नोंदणी क्रमांक. पण उत्तर प्रदेश सरकारने लगेच खुलासा केला, की अलाहाबादला या विमानाला अपघात झाला होता आणि त्यानंतर ते मुंबईच्या एका खासगी कंपनीला विकलं होतं. म्हणजे क्रमांक खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावं. शिलालेखावर राजाचं नाव असतं म्हणून तो दगड आजही त्याच राजाच्या मालकीचा असतो, असं नाही.

संध्याकाळपर्यंत दुसरी गोष्ट पसरली. वैमानिकांनी मुद्दाम मोकळी जागा गाठली आणि शेकडो जीव वाचवले. माजी नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल यांनीही वैमानिकाच्या प्रसंगावधानाला सलाम केला. भावना समजण्यासारखी आहे. गेलेल्यांबद्दल आपण चांगलंच बोलतो. पण विमान कुठे पडलं यावरून ते तिथे नेलं गेलं होतं, हे सिद्ध होत नाही. आणि जीवितहानी कमी झाली त्याचं एक साधं कारण त्याच दिवसाच्या बातम्यांत होतं. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीवर गेले होते. ही ओळ छापली गेली, पण मथळ्यात आली नाही.

यात नुकसान काय, असं कोणी विचारेल. नुकसान असं, की वैमानिकाला देव केलं काय किंवा दोषी ठरवलं काय, बाकीचे प्रश्न मागे पडतात. दुरुस्ती कशी झाली? त्या हवामानात उड्डाण का झालं? परवानगी कोणी दिली? या उत्तरांवर पुढच्या विमानात बसणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.

आता शब्दांकडे येऊ. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षणार्थी विमान आलं. शिकाऊ वैमानिक तरुणी किरकोळ जखमांवर वाचली. मथळे काय होते? ‘विमान कोसळले’. आपल्याकडे आकाशातून जे जमिनीवर येतं ते सगळं ‘कोसळतं’! इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडतं, हा समजही त्यातूनच येतो. तसं नसतं. प्रशिक्षणाचं छोटं सेसना हजार फुटांवरून इंजिनाशिवाय साधारण अडीच किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. खरा धोका असतो तो वेग कमी आणि उंचीही कमी असताना. पंखांवरचा आधार सुटला तर सावरायला उंचीच उरत नाही. म्हणून उड्डाणातला उतरण्याचा भाग थोड्या मिनिटांचा असला तरी जगभर अपघातांचा मोठा वाटा त्याच मिनिटांत येतो. ‘कोसळलं’, ‘घसरलं’, ‘उतरवावं लागलं’ ही तीन वेगळी क्रियापदं आहेत, आणि त्यांच्यामागची कारणंही वेगळी असतात.

मग खरं कुठे मिळतं? २०१२ पासून आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण विभाग आहे. त्याआधी नियम करणारं खातंच अपघातांची चौकशीही करत असे. आंतरराष्ट्रीय संकेत असा, की प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यावा. चौकशीचा हेतू दोष कोणाच्या माथी मारणं हा नाही, पुढचा अपघात टाळणं हा आहे. अडचण अशी, की अहवाल येतो तेव्हा बातमीदार दुसऱ्या बातमीवर गेलेला असतो. मथळा लक्षात राहतो, अहवाल कपाटात.

पण सगळा दोष वर्तमानपत्रांना देऊन चालणार नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात पडलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. आदिवासी गावकऱ्यांनी तिला झोळी करून चिखलवाटेने बाहेर आणलं, आणि झोळीसाठी एका बाईने अंगावरची साडी दिली. हे कोणत्याही तांत्रिक अहवालात येणार नाही. ते जगाला कळलं ते स्थानिक वार्ताहरांमुळे. अपघात का झाला हे वार्ताहर त्या दिवशी सांगू शकत नाही. पण पहिलं कोण पोचलं, पाऊस होता का, आवाज कसा होता, रस्ता होता का, हे तोच सांगू शकतो.

आपल्या जिल्ह्याला हे दूरचं वाटू नये. यवतमाळच्या विमानतळाला नाव आहे जवाहरलाल दर्डा यांचं, म्हणजे एका वृत्तपत्रकाराचं. उद्या राळेगावच्या कापसाच्या शेतात असं काही घडलंच, तर पहिले साक्षीदार आपणच असू. तेव्हा माणूस बाहेर काढायचा, अवशेषांना हात लावायचा नाही, आणि बातमीदाराने विचारलं तर जे पाहिलं तेवढंच सांगायचं. ‘का झालं’ असं विचारलं तर ‘ते चौकशीत कळेल’ म्हणायचं. आणि वर्षभराने तो अहवाल आला का, हे विचारायला विसरायचं नाही.