भुयारी रेल्वेतील वाटशोध आणि नवागत प्रवासी : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
बीड जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास हा प्रामुख्याने रस्त्याचा आणि एस.टी.चा इतिहास आहे. परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे ठिकाण निजामी राजवटीतच लोहमार्गाने जोडले गेले. पश्चिमेकडील आष्टी येथे रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी पोहोचली. मात्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला प्रवासी गाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनापर्यंत वाट पाहावी लागली. तत्पूर्वीच पुण्यात १ ऑगस्ट २०२३ रोजी आणि मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली होती. परिणामी शिक्षण, स्पर्धा परीक्षा, औषधोपचार वा शासकीय कामानिमित्त महानगरात जाणाऱ्या बीडच्या अनेक रहिवाशांना जमिनीवरची रेल्वे आपल्या शहरात येण्यापूर्वीच जमिनीखालची रेल्वे परगावी भेटली. हा नवागत प्रवासी भुयारात वाट कशी शोधतो, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :
१) बीड परिसरातील प्रवाशांच्या पारंपरिक वाटशोध पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) भुयारी रेल्वेतील खुणा व नकाशे यांच्या विकासाचा आढावा घेणे.
३) पुणे व मुंबई येथील भुयारी मार्गांवर नवागतास येणाऱ्या अडचणींचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

पारंपरिक वाटशोध :
१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या वेळी बीड हैदराबाद संस्थानात होते व तेथे १९३२ पासून निजाम सरकारच्या मोटारगाड्या चालत होत्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि पुढे बीडचा प्रवासी एस.टी.च्या व्यवस्थेत आला. या व्यवस्थेत वाट दाखविणारे साधन म्हणजे मुख्यतः माणूस होता. गाडीच्या कपाळावर गावाच्या नावाची पाटी असे. परंतु ती वाचता न आली तरी वाहकाची हाक पुरेशी ठरे. उतरल्यावर मंदिराचा कळस, चौकातील पुतळा, पिंपळाचा पार, ओळखीचे दुकान व सूर्याची दिशा यांच्या आधारे प्रवासी पुढे जाई. ‘सरळ जा, मारुतीपासून डावीकडे वळा’ हे वाक्य म्हणजेच त्याचा नकाशा होता.

भुयारात या साऱ्या खुणा एकदम नाहीशा होतात. तेथे सूर्य नाही, कळस नाही, चढउतारही नाही. सोळाव्या शतकात बीडजवळ बांधलेल्या खजाना विहिरीची भुयारे येथील माणसाला परिचित आहेत. परंतु त्या भुयारातून पाणी वाहते आणि पाण्याला दिशा विचारावी लागत नाही. माणसासाठी खोदलेल्या भुयारात मात्र प्रत्येक वळणावर खूण लिहावी लागते.

भुयारी रेल्वे आणि खुणांचा विकास :
जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडन येथे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. मार्ग वाढत गेले तशी प्रवाशांची गोंधळाची स्थिती वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे लाल वर्तुळावर आडवी पट्टी हे चिन्ह व १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांनी घडविलेले विशेष अक्षरवळण आले. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये रेखाटलेला व १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. भुयारातील प्रवाशाला प्रत्यक्ष अंतरापेक्षा स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याचे ठिकाण यांची गरज असते, हे ओळखून त्यांनी सरळ व तिरक्या रंगीत रेषांचा नकाशा तयार केला. आजच्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे याच तत्त्वावर उभे आहेत.

लंडनचे प्रारूप मात्र साक्षरता गृहीत धरते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिको शहराच्या मेट्रोने वेगळा मार्ग स्वीकारला. अनेक प्रवाशांना वाचता येत नव्हते, म्हणून लान्स वायमन यांच्या योजनेनुसार प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्रचिन्ह देण्यात आले. भारतीय वाचकास ही कल्पना नवी नाही. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारांसाठी चिन्हांचा वापर झाला आणि ती पद्धती यशस्वी ठरली. भारतातील पहिली भुयारी मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकाता येथे सुरू झाली. तथापि स्थानकाला चिन्ह देण्याची पद्धत आपल्याकडे रुजली नाही.

पुणे आणि मुंबई : नवागताचा अनुभव :
मराठवाड्यातून येणाऱ्या अनेक एस.टी. गाड्या पूर्वी पुण्यात शिवाजीनगर स्थानकावर थांबत. मेट्रोच्या बांधकामासाठी हे बसस्थानक वाकडेवाडी येथे हलविण्यात आले व जुन्या जागेखाली मेट्रो स्थानक उभे राहिले. ज्येष्ठ प्रवाशाच्या स्मरणातील ‘शिवाजीनगर’ अशा रीतीने दोन ठिकाणी विभागले गेले. पुढील जिल्हा न्यायालय स्थानक बोलीभाषेत ‘सिव्हिल कोर्ट’ म्हणून ओळखले जाते. तेथे जांभळा मार्ग सुमारे ३३ मीटर खोल जमिनीखाली, तर दुसरा मार्ग उन्नत आहे. मार्ग बदलणाऱ्यास अनेक सरकते जिने चढावे वा उतरावे लागतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून हा भुयारी मार्ग कसबा पेठ व मंडईमार्गे स्वारगेटपर्यंत जातो.

मुंबईतील तिसरी मार्गिका ३३.५ किलोमीटर लांबीची असून तिच्या २७ स्थानकांपैकी २६ भुयारी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. मंत्रालयात अर्ज घेऊन जाणाऱ्यासाठी विधान भवन हे जवळचे स्थानक होय. परंतु ‘मंत्रालय’ हे नाव शोधणाऱ्यास ते मार्गावर सापडत नाही. येथे आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या या भुयारी मार्गाचे नाव ‘ॲक्वा लाईन’ आहे, आणि पुण्यातील संपूर्ण उन्नत असलेल्या वनाज–रामवाडी मार्गाचेही नाव तेच आहे. एका शहरात शिकलेली खूण दुसऱ्या शहरात उपयोगी पडेलच असे नाही.

वरील विवेचनावरून नवागताची मुख्य अडचण दिशेची आहे असे दिसते. मेट्रोमध्ये दिशा ही शेवटच्या स्थानकाच्या नावाने सांगितली जाते. मंडईला उतरणाऱ्याने ‘स्वारगेटकडे’ ही पाटी पाहावयाची असते. एस.टी.च्या पाटीचा अनुभव येथे उपयोगी पडतो, कारण त्या पाटीवरही शेवटचेच गाव असते. दुसरी अडचण बाहेर पडण्याची आहे. चुकीच्या दाराने वर आल्यास प्रवासी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे निघतो.

निष्कर्ष :
१) वाट दाखविण्याचे काम माणसाच्या तोंडून भिंतीवरील पाटीकडे गेले, हा भुयारी रेल्वेने घडविलेला महत्त्वाचा सामाजिक बदल होय.
२) २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ व साक्षरता सुमारे ७७ टक्के होती. म्हणजे केवळ लिखित पाटीवर अवलंबून असलेली व्यवस्था एका मोठ्या वर्गाला परावलंबी करते. स्थानकांना चित्रचिन्हे देणे हा त्यावरील सिद्ध उपाय आहे.
३) स्थानकांची नावे ठरविताना लोकांच्या तोंडी असलेल्या नावांचा विचार होणे आवश्यक आहे.
४) महाविद्यालयांनी शैक्षणिक सहलींमध्ये मेट्रो प्रवासाचा अंतर्भाव केल्यास ग्रामीण विद्यार्थ्यांचा संकोच कमी होईल.

सार्वजनिक पैशातून उभारलेली रेल्वे ही शहरवासीयांइतकीच वर्षातून एकदा कामानिमित्त येणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याचीही आहे. त्याला कोणाचा हात न धरता तिच्यातून योग्य दाराने बाहेर पडता येणे, ही त्या व्यवस्थेच्या यशाची खरी कसोटी होय.