डेडिकेटेड गेम सर्व्हर
ऑनलाइन बहुखेळाडू गेमची फेरी चालवणारा, स्वतः न खेळणारा संगणक. गोळी लागली की हुकली, याचा अंतिम निवाडा तोच करतो. म्हणून तो जवळ असावा लागतो. मुंबईच्या लालबागमधून सिंगापूरला जाऊन येणारा संदेश मुंबईतल्याच सर्व्हरकडे जाऊन येणाऱ्या संदेशापेक्षा उशिराच परततो. या बाबतीत हे शहर भाग्यवान आहे. १९९७ मध्ये सुरू झालेली फ्लॅग ही समुद्री केबल प्रभादेवीला किनाऱ्याला लागते, अ‍ॅमेझॉनची मुंबईतील क्लाउड सेवा २०१६ पासून चालू आहे आणि व्हॅलोरंट या गेमचे सर्व्हर २०२० मध्ये मुंबईत आले.

असा सर्व्हर स्वतःही चालवता येतो. काउंटर-स्ट्राइक १.६ या गेमचा सर्व्हर बसवण्यासाठी व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीमसीएमडी हे आदेश देऊन चालवायचे साधन वापरतात. आधी फोल्डर ठरवून, मग निनावी लॉगिन करून, ९० क्रमांकाचे अ‍ॅप डाउनलोड करायचे. पहिल्या खेपेस फायली बऱ्याचदा अपुऱ्या उतरतात. तेव्हा तोच डाउनलोडचा आदेश फायलींच्या तपासणीच्या पर्यायासह पुन्हा द्यावा. मग यूडीपी २७०१५ हा पोर्ट उघडावा. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसेल, तर भाड्याचा सर्व्हर बरा. अपडेटलाही हाच आदेश चालतो, पण आधी सर्व्हर थांबवून सेटिंगच्या फायलींची प्रत काढणे अत्यावश्यक: तपासणीत बदललेल्या फायलींवर मूळ फायली लिहिल्या जाऊ शकतात.