‘खण’ या शब्दाचा इतिहास : इमारती लाकूड आणि वास्तुरचना

मराठी वास्तूंचा इतिहास लिहिताना राजवाड्यांचे मालक, त्यांचे खर्च आणि त्यांतील प्रसंग यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु लाकूड पुरविणारा आणि वास्तू रचणारा यांच्या परस्परसंबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हा संबंध समजून घेण्यासाठी भाषा हे एक विश्वसनीय साधन आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणात प्रयत्न केला आहे.

उदाहरणादाखल पुण्याचा शनिवारवाडा घेऊ. पहिल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत त्याचा पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आणला, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे दगड जवळचा, तर लाकूड दूरचे. यंत्रवाहन नसलेल्या काळात ओंडका जितका लांब, तितकी त्याची वाहतूक बिकट. यामुळे रचनेची पहिली मर्यादा रानात व वाटेवरच ठरत असली पाहिजे.

दुसरी मर्यादा लाकडाच्या अंगची आहे. तुळईवर सर्वत्र सारखा भार असेल, तर तिच्या आधारांमधील अंतर दुप्पट होताच तिचा वाक सोळापट होतो. वरच्या माडीची जमीन लाकडी कड्या, फळ्या आणि मातीचा जाड थर यांची असल्यामुळे हा भार लहान नसे. साहजिकच खांब जवळजवळ उभे करणे प्राप्त होते. दोन खांबांमधील या अंतरास मराठीत ‘खण’ म्हणतात. रुंदीच्या दिशेने खांबांच्या रांगांमध्ये पडणाऱ्या भागास ‘घई’ हे नाव असून ‘दुघई’, ‘तिघई’ ही विशेषणे त्यावरूनच आली आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घर ‘पाच खणी’ किंवा ‘सात खणी’ आहे असे म्हटले, की यजमानास जागेचा अंदाज येई, सुतारास खांबांची व तुळयांची संख्या कळे आणि लाकूडवाल्यास कोणता माल किती लागेल याचा अदमास बांधता येई. आज नकाशा, मालाची यादी आणि दरपत्रक अशा तीन निरनिराळ्या कागदांवर विभागलेले कार्य त्या काळी एक शब्द बऱ्याच अंशी पार पाडीत होता. टेबलाचा ‘खण’ हा आजचा प्रयोगही आखून वेगळ्या केलेल्या अवकाशाचाच अर्थ सांगतो.

या व्यवसायातील इतर शब्दही दोन गटांत पडतात. उथळे, तुळई, आढे, तख्तपोशी हे शब्द घटकाचे वास्तूतील स्थान दर्शवितात. याउलट कडी, वासा, फळी हे शब्द वखारीतही चालतात आणि घरातही. विकत घेतानाचे नाव व बसविल्यानंतरचे नाव एकच. दुसऱ्या गटाचे अस्तित्व हे दोन व्यवसायांच्या निकट सहवासाचे चिन्ह मानावयास हरकत नाही. ‘पोकळ वाशाचा आवाज मोठा’ या म्हणीच्या मुळाशीही लाकूड ठोकून पारखण्याचा अनुभव असावा असे वाटते.

एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. शनिवारवाड्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. पण त्याहून खोल बदल कारभारात झाला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी रानावरील सरकारी नियंत्रण दृढ केले. सरकारी बांधकामखात्याचे नकाशे फूट-इंचांत आणि इंग्रजीत तयार होऊ लागले. पुढे वास्तुविशारद हा स्वतंत्र, शिक्षित व्यावसायिक झाला. १९७२ च्या कायद्याने त्याच्या व्यवसायास वैधानिक रूप दिले. या बदलातून अचूकता आली, हे नाकारता येणार नाही. परंतु रचना आधी कागदावर आणि लाकडाचा शोध नंतर, असा क्रम रूढ झाला. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी वखारीत घनफुटाची भाषा टिकून आहे. नकाशा मात्र मिलिमीटरमध्ये बोलतो.

या दुराव्याची किंमत जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत प्रत्यक्ष मोजावी लागते. कुजलेली तुळई बदलताना नुसती लांबी-रुंदी कळविणे पुरेसे नसते. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे आकसत नाही, आडव्या दिशेने आकसते. म्हणून ओले लाकूड बसविल्यास सांधे काही महिन्यांत सैल पडतात. जात, ओलावा, उपलब्ध लांबी आणि गाठींची जागा ही माहिती वखारवाल्याने आरंभीच द्यावयास हवी, आणि नकाशा पक्का होण्यापूर्वी वास्तुविशारदाने ती मागावयास हवी.

यासाठी गतकाळाकडे परत जाण्याची आवश्यकता नाही. मात्र दोघांनाही समजेल अशी परिभाषा नसेल, तर सहकार्य केवळ सौजन्यावर अवलंबून राहते. वाडे पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांतील घटकांची नावेही व्यवहारातून जात आहेत. वृद्ध सुतार व वखारवाले यांच्याकडून हे शब्द, मापांसह आणि वस्तूंच्या आकृत्यांसह, टिपून घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. त्याचा पहिला उपयोग शब्दकोशापेक्षा बांधकामाच्या जागेवर होईल.